आप्पांचे गुडघे आणि दोन कॅमेरे

खिशात मावणारे दोन कॅमेरे घेऊन आम्ही किहीमच्या किनाऱ्यावर गेलो, आणि येताना त्यातला एक कॅमेरा, एक चप्पल आणि सासऱ्यांच्या गुडघ्यांवरची श्रद्धा एवढा ऐवज तिथेच सोडून आलो.

सुरुवात आमच्या मुक्ताने केली. मुक्ता म्हणजे आमची कन्या. कॉलेजात आहे. तिच्या हातातल्या फोनमध्ये माणसाच्या नाकावरचा तीळही मोजता येईल असला कॅमेरा आहे. तरी एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुमचा तो जुना छोटा डिजिटल कॅमेरा कुठाय? मला सहलीला न्यायचाय."

"फोन बिघडला का?"

"फोनचे फोटो फार स्पष्ट येतात हो! सगळ्याजणींना आता जुन्या कॅमेऱ्याचे हवेत."

(अस्पष्ट फोटोंना चांगले दिवस येतील हे आधी कळलं असतं, तर मी आयुष्यभर लोकांची बोलणी खाल्ली नसती.)

मी कपाटातून माझा कॅमेरा काढला. चंदेरी, साबणाच्या वडीएवढा. बटण दाबलं की पोटातून भिंग गुर्रर्र करत लांबच लांब बाहेर येतं आणि पलीकडच्या गल्लीतलं वाळत घातलेले पापड मोजता येतात. नेमकं हे माझ्या साडूंना, म्हणजे खारघरच्या विलासरावांना, कळलं. त्यांचा लगेच फोन.

"झूम घेऊन काय करणार? माझा वॉटरप्रूफ आहे! पाण्यात टाका, काढा, पुसा, फोटो काढा. अपना तो टँक आहे टँक!"

हा कॅमेरा त्यांनी अंदमानला जाण्यासाठी घेतला होता. तिथे कॅमेरा पाण्यात गेला नाही, कारण विलासराव पाण्यात गेले नाहीत. पण ते असो. ठरलं असं, की रविवारी सासरवाडीला दोघांनी आपापला कॅमेरा आणायचा आणि मुक्ताने निकाल द्यायचा.

आता सासरवाडीबद्दल सांगायला हवं. किहीमपासून थोडं आत आमच्या सासऱ्यांचं, आप्पांचं घर आहे. नारळाची वाडी, विहीर, पुढे अंगण. आप्पा एकटेच. त्यांना मुली दोन : आमची सुलभा आणि विलासरावांची नलू. गेली दोन वर्षं आप्पांचे गुडघे कामातून गेलेले. बाजेवरून उठायचं म्हटलं तरी "आई गं!" अशी हाक थेट रस्त्यापर्यंत. म्हणून दर रविवारी दोन्ही मुली आणि दोन्ही जावई हजर! मुली स्वयंपाक करणार आणि जावई गुडघ्यांना तेल चोळणार. उजवा गुडघा माझ्याकडे, डावा विलासरावांकडे. त्यातही चढाओढ. "डाव्याला आज उतार हाय," असं आप्पा म्हणाले की विलासराव कॉलर ताठ करायचे आणि मी पुढच्या रविवारी महागातलं तेल आणायचो.

पण त्या रविवारी आम्ही पोचतो तर आप्पा धुतलेला सदरा घालून बाजेवर तयार.

"पालीला जातो," म्हणाले. "बल्लाळेश्वराला. दत्तू नेतो गाडीनं."

दत्तूभाऊ म्हणजे शेजारचे, आप्पांच्याच वयाचे. ते गाडीशी उभे राहून आभाळ न्याहाळत होते.

"अहो पण पायऱ्या?" सुलभा कळवळली. "रांग?"

"देव बघून घेल माझा. मी काय आता फार दिस न्हाय."

हे ऐकून नलूच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी आणि विलासरावांनी आप्पांना दोन्ही बाजूंनी उचललं, गाडीत बसवलं, आणि एकेक पाय, काचेचा असावा तसा, हाताने उचलून आत ठेवला. "सांभाळून रं, सांभाळून!" आप्पा विव्हळले. गाडी गेली. सुलभाने तिथूनच पालीच्या दिशेला हात जोडले.

गुडघ्यांना सुट्टी! म्हणजे दिवस मोकळा. अंगणातच परीक्षेला सुरुवात झाली. माझ्या कॅमेऱ्याने नलूचा फोटो काढला, तर तिच्या चेहऱ्यावरची एकूण एक सुरकुती आली.

"ही मी?" नलू किंचाळली. "भावजी, हा कॅमेरा आहे की तपासणीचं मशीन?"

विलासरावांच्या कॅमेऱ्याने तोच फोटो काढला. सुरकुत्या गेल्या, पण त्यांच्याबरोबर नाकही गेलं! चेहऱ्याच्या जागी मैद्याचा गोळा आणि त्यावर टिकली.

"बघा, किती तरुण दिसते!" विलासराव म्हणाले.

"काका, मावशी आहे कुठे यात?" मुक्ताने विचारलं.

माझा कॅमेरा सदऱ्याच्या खिशात ठेवला की खिसा पोटापर्यंत लोंबायचा. त्यांचा हलका, पण उन्हात पडद्यावर काही दिसायचं नाही. फक्त स्वतःचंच घामेजलेलं तोंड. (त्याचेही विलासरावांनी चारपाच फोटो काढले.) माझी बॅटरी लवकर दम सोडायची. त्यांचा कॅमेरा बटण दाबल्यावर इतका विचार करायचा, की फोटो येईपर्यंत समोरची कोंबडी निघून गेलेली असायची आणि फोटोत नुसतं अंगण!

"इथे काय खरं कळणार?" विलासराव शेवटी म्हणाले. "माझ्या कॅमेऱ्याला पाणी पाहिजे."

"आणि माझ्याला अंतर पाहिजे," मी म्हणालो.

पाणी आणि अंतर दोन्ही एकाच ठिकाणी भरपूर. आम्ही सगळे समुद्रावर निघालो.

किनाऱ्यावर सुट्टीची गर्दी होती. घोडागाडी, भजी, वाळूत लोळणारी माणसं. दूर पाण्यात ती केळ्याच्या आकाराची पिवळी बोट उड्या मारत होती. तिच्यावर माणसं ओळीने घोड्यावर बसल्यासारखी बसतात, पुढची यांत्रिक बोट ती ओढते, आणि शेवटी बोटवाला मुद्दाम वळण घेऊन सगळ्यांना पाण्यात टाकतो. लोक यासाठी पैसे देतात.

"आता बघ," मी मुक्ताला म्हणालो. "त्या बोटीवरच्या माणसाचा चेहरा तुला इथून दाखवतो."

भिंग गुर्रर्र करत बाहेर आलं. मी डोळा छोट्या खिडकीला लावला. (माझ्या कॅमेऱ्याला खिडकी आहे. विलासरावांच्याला नाही. गुण मला.) पिवळी बोट जवळ आली. नारिंगी जॅकेटं दिसली. पहिल्या जागेवर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ. अंगात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नाड्याची चड्डी. दोन्ही हात हवेत! दोन्ही पायही हवेत!

चेहरा अजून उन्हात होता. पण मी गुडघा ओळखला. दोन वर्षं चोळलेला गुडघा माणूस विसरू शकत नाही.

"विलासराव," मी कसाबसा म्हणालो, "जरा या इकडे. हा उजवा आप्पांचा आहे."

"काय उजवा?"

"गुडघा!"

विलासरावांनी खिडकीला डोळा लावला. भिंग पुढेमागे करून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "डावा पण त्यांचाच. कन्फर्म."

"तुम्हाला दोघांना ऊन लागलंय का?" सुलभाने माझ्या हातून कॅमेरा ओढला. "आप्पा पालीला... अगं बाई! ही चड्डी मी शिवलीय!"

नलू मटकन वाळूत बसली. "गणपतीला गेले होते ना गं? त्यांना उचलून कोणी बसवलं असेल तिथे?"

"आणि मागे दत्तूभाऊ आहेत," सुलभा खिडकीतून बातम्या देत होती. "शिट्टी वाजवतायत! नलू, आप्पा उभे राहायला बघतायत गं!"

"पुरावा!" विलासराव ओरडले. "जवळून फोटो पाहिजे! नाहीतर घरी जाऊन आप्पा कबूल करणार नाहीत." आणि त्यांनी आपला कॅमेरा माझ्या हातात कोंबला. "जा तुम्ही पाण्यात!"

"मी? कॅमेरा तुमचा आहे!"

"कॅमेरा वॉटरप्रूफ आहे. मी नाही."

बायको, मेव्हणी आणि मुलगी बघत असताना माणूस नाही म्हणू शकत नाही. मी पँट दुमडली आणि निघालो. घोट्याएवढं पाणी, गुडघ्याएवढं पाणी. इतक्यात केळं आमच्याच दिशेला वळलं, बोटवाल्याने झोकात वळण घेतलं, आणि भस्सकन सगळे पाण्यात! नारिंगी जॅकेटं एकेक करून वर आली. पांढरे केस मात्र दिसेनात.

चड्डी, शिट्टी, पाली सगळं क्षणात विसरलो. लटकं असो की खरं, म्हातारा माणूस होता आणि तो आमचा होता.

"आप्पा!" मी बोंब ठोकली. "आप्पा बुडाले! धावा!"

आणि मीच धावलो. पाण्यात धावता येत नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. तिसऱ्या पावलाला एक चप्पल गेली, मग एक लाट तोंडावर आली, मग मी आडवा. डोळ्यांत मीठ, नाकात मीठ, पोटात बहुतेक अख्खा समुद्र. हातातलं काय सुटलं ते कळलं नाही. मी हातपाय मारत होतो आणि मनात सुलभाला निरोप देत होतो.

तेवढ्यात कोणीतरी मागून माझी कॉलर धरली.

"जावयबापू! पाय टेका!"

"बुडालो!"

"अवो पाय टेका! कमरेएवढा पानी हाय!"

मी पाय टेकले. पाणी कमरेच्याही खालीच होतं.

पण खोकल्याने मला चालवेना. तेव्हा त्या दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाने मला काखेत धरलं आणि लाटा तुडवत, गुडघे छातीपर्यंत उचलत, दणादणा किनाऱ्याकडे ओढत आणलं. मागून दत्तूभाऊ दबक्या आवाजात ओरडत होते, "आप्पा! गुडघा! पोरी हायत समोर! गुडघा!"

आप्पांनी समोर पाहिलं. कमरेवर हात ठेवलेल्या दोन मुली. त्यांनी मला वाळूत सोडलं आणि तत्क्षणी लंगडायला सुरुवात केली. पण घाईत कुठल्या पायाने लंगडायचं ते ठरेना, त्यामुळे ते नाचतायत असं वाटलं.

"आई गं!" आप्पा म्हणाले.

"पाली?" सुलभाने एवढंच विचारलं.

"जायाला निघालो व्हतो. वाटेत दत्तू म्हनला..."

"पाली तिकडे, आप्पा! ही वाट पालीची आहे?"

दत्तूभाऊंनी शिट्टी सदऱ्याच्या आत सरकवली.

"दोन वर्षं आप्पा!" मी वाळूतूनच ओरडलो. अर्धा समुद्र बाहेर आला. "दोन वर्षं मी तेल चोळतोय!"

"तेल चांगला हाय तुमचा," आप्पा म्हणाले. "त्यानंच बरा झाला असंल."

"कधी बरा झाला?" नलूचा आवाज चिरकला.

आप्पांनी खाली वाळूकडे पाहिलं. जॅकेटचा पट्टा उगाच सोडला, परत लावला. "पहिल्या म्हयन्यातच. तवा खरंच दुखत व्हता. तुमी सगली धावत आलात. घर कसा भरला! मग थांबला दुखायचा. पन सांगितला असता तर पुढल्या रविवारी कोन आला असता? त्याच्या आधी गनपतीलाच याचात ना तुमी?"

नलूने पदर डोळ्यांना लावला. सुलभा नुसतीच आप्पांचे ओले केस पुसायला लागली. मीही डोळे पुसले. (त्यात थोडं मीठही होतं.)

"सब ठीक आहे," विलासराव हळव्या आवाजात म्हणाले, "पण माझा कॅमेरा कुठाय?"

सगळ्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग सगळे समुद्राकडे वळले.

तिन्हीसांजेपर्यंत आम्ही पाण्यात चाचपडत होतो. सर्वांत पुढे आप्पा, वाकून, उकिडवे बसून, सगळ्या गुडघ्यांनिशी. शंख सापडले, बाटल्या सापडल्या, कोणाची तरी चप्पल सापडली (माझी नव्हे). कॅमेरा नाही.

"पण वॉटरप्रूफ आहे हो," विलासराव पुन्हा पुन्हा म्हणत होते. "त्याला काही होणार नाही."

"त्याला नाही होणार काका," मुक्ता म्हणाली. "पाण्यात चालतो, पण पाण्यावर तरंगत नाही, एवढंच."

निकाल आपोआप माझ्या बाजूने लागला. हयात कॅमेरा एकच उरला होता! रात्री जेवताना आप्पा ताठ मांडी घालून पाटावर बसले आणि स्वतः उठून भात वाढून घेतला, तेव्हा नलू पुन्हा एकदा दचकली. पुढचे रविवारही आम्ही जातोच. चोळायला काही नसतं, म्हणून आप्पा आम्हा दोघा जावयांना पोहायला शिकवतात. विलासरावांची प्रगती माझ्यापेक्षा बरी आहे असं ते मुद्दाम माझ्यादेखत सांगतात.

राहता राहिले त्या दिवसाचे फोटो. मी बुडत असताना (कमरेएवढ्या पाण्यात का होईना) सुलभा घाबरून माझ्या कॅमेऱ्याचं बटण दाबतच सुटली होती. बहुतेक फोटोंत आभाळ आणि तिचा अंगठा. पण एक असा आलाय, की मुक्ताने तो मोठा करून, चौकट लावून आमच्या दिवाणखान्यात टांगला. लाटांतून छाती काढून चालणारा, डोकं आणि चेहरा उन्हात विरलेला, नारिंगी जॅकेटमधला एक ताठ पुरुष, आणि त्याच्या काखेत लोंबणारा, डोळे पांढरे केलेला एक भिजका जीव, म्हणजे मी.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्यापुढे थबकतो. परवा माझ्या कचेरीतले एक सहकारी आले होते. चष्मा वर करून त्यांनी फोटो नीट पाहिला आणि भारावून माझा हात धरला.

"वा! सासऱ्यांना बुडताना वाचवलंत! असा जावई मिळायला भाग्य लागतं हो. आणि त्या जॅकेटमध्ये काय तरुण दिसताय!"

मी मान खाली घालून म्हणालो, "कर्तव्यच होतं. चहा घेणार ना?"