साडभाऊची पांढरी पिकअप

माणसाला हताश व्हायला कारणं पुष्कळ मिळतात, पण एकट्या माझ्या साडभाऊनं मला जेवढं हताश केलं, तेवढं नववीच्या चार तुकड्यांनी मिळूनही केलं नाही, आणि मी तीस वर्षं भूमिती शिकवतो आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हुडकेश्वरला राहतो. मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर त्याचा धंदा 'मालवाहतूक' असा लिहिला आहे, पण तो पिकअप चालवण्यापेक्षा नटवायचाच जास्त. शोरूममधून पांढरी, साधीसुधी गाडी घरी आली आणि पूजेचे पेढे संपायच्या आत हा बर्डीच्या बाजारात जाऊन क्रोमच्या पट्ट्या घेऊन आला. दारांना क्रोम, आरशांना क्रोम, डिझेलच्या झाकणाला क्रोम. मग समोर जाळी, जाळीमागे निळे दिवे, टपावर पिवळ्या दिव्यांची ओळ आणि हौद्याखाली एक लाल पट्टी. ब्रेक दाबला की तिच्यातला उजेड डावीकडून उजवीकडे पळायचा. "मागच्याले समजलं पाहिजे ना भाऊ, का आपण थांबून राहिलो," असं त्याचं म्हणणं. मागचा मात्र तो पळणारा उजेड बघता बघता स्वतः थांबायचं विसरायचा. दोनदा बम्पर बदलावा लागला, आणि दुसऱ्या वेळचा पहिल्यापेक्षा जास्त चमकत होता.

मग अलॉयची चाकं आली. ती इतकी रुंद की गाडीच्या अंगाबाहेर डोकावायची. ती तो दात घासायच्या ब्रशनं घासायचा, आणि घरात कोणाचा ब्रश सापडेनासा झाला की मेव्हणी आधी चाकांपाशी जाऊन बघायची. त्यांच्या गल्लीत गटारासाठी रस्ता खोदला, तेव्हा चाकांना खडी लागेल म्हणून यानं दोन महिने गाडी मेन रोडवर उभी केली आणि स्वतः चिखल तुडवत घरी येत राहिला. हौद्यात त्यानं गालिचा अंथरला होता. पोत्यानं तळाला खरचटतं, म्हणे. मालाच्या गाडीत माल नको म्हणणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

एकदा एका संत्र्याच्या व्यापाऱ्यानं त्याला बाजारात पेट्या पोचवायचं काम दिलं. पेट्यांना बाहेरून खिळे होते. यानं ते पाहिले, मित्राची जुनी पिकअप बोलावली, पेट्या तिच्यात भरल्या आणि स्वतः रिकामी गाडी घेऊन सगळे दिवे लावून तिच्यापुढे निघाला. बाजारात लोक बाजूला झाले, कोणी मोठा पुढारी येतोय असं वाटून एकानं नमस्कारही केला. व्यापाऱ्यानं विचारलं, तुझ्या गाडीत माल काहून नाही? हा म्हणाला, "शेठ, पोहोचला ना माल?" भाडं अर्थातच मित्राला मिळालं. ही हकिकत त्यानं आमच्याकडे जेवताना इतक्या आनंदानं सांगितली, की मी पुढची पोळी नको म्हणालो.

आरटीओत गाडीचं पासिंग आलं की आमच्या घरावर संकट यायचं. पासिंगला गाडी साधी लागते, म्हणून हा दोन दिवस बसून सगळं उतरवायचा, एकेक दिवा जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळायचा आणि ती गाठोडी माझ्या दिवाणाखाली आणून ठेवायचा. त्याच्या घरी जागा नव्हती. पासिंग झालं की आठवडाभर पुन्हा सगळं चढवायचं. मधल्या दिवसांत तो सुतकात असल्यासारखा वागायचा. त्याच्यापुढे हसलेलंही त्याला खपायचं नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण हळूहळू त्याला कोणी माल देईना. मेव्हणी दिवसभर ब्लाउज शिवायची आणि घर त्यावरच ओढलं जायचं. अशात बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत रोजच्या फेरीचं काम चालून आलं. वर्षभराचं, खात्रीचं. अट एकच होती. गाडी शोरूममधून आली तशी हवी, जास्तीचा एक दिवाही चालणार नाही. गेटवर तपासूनच आत सोडत. यानं नाही म्हणून सांगितलं. मेव्हणी आमच्याकडे आली, पदराशी चाळा करत बसली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमचंच ऐकतेत ते. पोरगी बारावीत आहे, एवढं सांगा त्यायले."

मी गेलो तो रागातच. वाटेत प्रमेय मांडावं तसे मुद्दे मांडून ठेवले होते. तो फडक्यानं आरसा पुसत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग आरशाकडे बघतच म्हणाला, "भाऊ, बावीस वर्षं दुसऱ्याचे ट्रक चालवले. एका मालकानं मले आरशाची लिंबू-मिरची काढायले लावली. म्हणे, गाडी तुही नाही. ही माही हाय ना?"

माझं प्रमेय मी तिथंच सोडलं. तरी मी मास्तरच. पोरगी बारावीत आहे, एवढं म्हणालोच. त्यानं मान हलवली आणि पाना मागितला. दोन दिवसांनी सगळी गाठोडी, या खेपेला अलॉयच्या चाकांसकट, आमच्या दिवाणाखाली आली, आणि या वेळी ती परत न्यायला कोणी आलं नाही.

काम छान चाललं आहे. मेव्हणीचं मशीन आता अधूनमधूनच चालतं, मुलीला हवा तो क्लास लागला. साडभाऊ वेळेवर जातो, वेळेवर येतो, कमी बोलतो. इतकी वर्षं ज्याला शहाणा हो म्हणून डोकं फोडलं तो शहाणा झाला, आणि आता मला त्याच्याकडे बघवत नाही.

दसऱ्याला तो घरची पूजा आटोपून सोनं द्यायला आला. सोनं दिलं, आणि सरळ दिवाणापाशी जमिनीवर बसला. एकेक गाठोडं सोडलं, प्रत्येक दिवा पुसला, कुंकू लावलं, वर झेंडूची पाकळी ठेवली. चाकांनाही. बायको निरांजन घेऊन आली. मला राहवलं नाही. म्हटलं, अरे, एखादा बारका दिवा आतून तरी लाव, कोण बघतंय?

"नको भाऊ. एक लावला का बाकीचे आठवतेत." तो परत गाठी मारायला लागला. "गिरणीत वीस गाड्या उभ्या राहतेत, सगळ्या पांढऱ्या. मले माहीच गाडी सापडत नाही. नंबर वाचा लागते."

मग चहा न घेताच तो उठला. तिकडे रस्ता रुंद आहे म्हणून त्यानं गाडी कोपऱ्यापलीकडे लावली होती. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं समोरून दोन पांढऱ्या पिकअप एकीमागे एक गेल्या. त्यातली त्याची कोणती ते मला कळलं नाही, म्हणून मी दोन्हींना हात केला.