सिनेमाचा आवाज दाखवताना

संग्रहालयात धूळ साचते म्हणतात. आमच्याकडे किस्से जास्त साचतात; धूळ निदान सोमवारी झाडता तरी येते! बऱ्हाणपूरच्या एका बंद टॉकीजच्या बाल्कनीत आमचं छोटंसं सिनेमा संग्रहालय आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि रविवारी इथं माहिती सांगते. मशीन चालवतो जगदीशभाऊ, याच टॉकीजचा जुना ऑपरेटर.

*

सुरुवातीला एकदा मूकपटाचा तुकडा लावला होता. जरा वेळ गेला नाही तोच मागून शिट्ट्या. "ए, साउंड! साउंड!" कोणी खुर्ची आपटली. जगदीशभाऊ सवयीनं घाबरला आणि मशीन तपासायला लागला!

मी उभी राहिले. "अहो, हा मूकपट आहे. तेव्हा सिनेमाला आवाजच नव्हता."

शिट्ट्या थांबल्या. मग एक काका म्हणाले, "पहले सांगायचं ना, मॅडम. आम्हीबी चुप बसलो असतो!"

*

फिल्मच्या कडेला एक बारीक नागमोडी रेघ असते. तोच आवाज. तिच्यातून उजेड कमीजास्त जातो, त्याची वीज होते आणि स्पीकर बोलतो. हे आम्ही भिंगाखाली दाखवतो.

केळीची शेती असलेलं एक जोडपं आलं होतं. काकूंनी भिंगातून निरखून पाहिलं. "म्हणजे जेवढं बोलणं, तेवढी रेघ हलणार?"

"हो. आणि गप्प बसलं तर सरळ."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "मग यांची काढा. पोरांना रेघा मारायला पट्टी म्हणून कामी येईल!"

काकांनी यावरही नुसती मान डोलावली.

आणखी एक गंमत म्हणजे, फिल्मवर आवाज आपल्या चित्राच्या शेजारी नसतो, थोडा पुढं छापलेला असतो. हे सांगितलं तर एक शेतकरी लगेच म्हणाला, "आमच्या सरपंचासारखं! आवाज आधी येतो, माणूस मागून."

*

स्टुडिओत पाऊस कसा पाडत, हे दाखवायला आम्ही सुपात ज्वारी घोळवतो. राजघाटाकडच्या भजनी मंडळाच्या बायका आल्या होत्या. मी म्हटलं, "डोळे मिटा आणि ऐका. कसा वाटतो पाऊस?"

"गारांचा," एक मावशी म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातातलं सूप घेतलं, खिडकीपाशी बसून खडे वेचले आणि सूप परत दिलं. "आता घोळव."

गारा थांबल्या!

*

डबिंगच्या कोपऱ्यात माईक आहे. पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलले की आपण बोलायचं. कापड दुकानातल्या एका सेल्समननं हीरोच्या तोंडी आपल्या शेठला असं काही झाडलं, की सगळे टाळ्या वाजवायला लागले. शेठ नेमके मागंच उभे! बिचाऱ्यानं माईक पाठीमागं लपवला.

शेठ म्हणाले, "टायमिंग एकदम परफेक्ट. दुकानात का नाही रे येत असा टाइमावर?"

*

विमलताई आमच्या नेहमीच्या. सत्तरी ओलांडलेली. एकदा स्वतःच्या लग्नाचं रीळ घेऊन आल्या. लग्न इच्छापूरला झालं होतं, मामेभावानं हातातल्या कॅमेऱ्यानं ते टिपलं होतं. त्याच वर्षी त्यांचे वडील, अण्णा, गेले. त्यांचा आवाज कुठंच राहिला नव्हता.

जगदीशभाऊनं रीळ साफ करून लावलं. शेवटी नवरी जीपमध्ये बसते, वडील खिडकीशी वाकतात आणि काहीतरी बोलतात.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"आठवत नाही गं. मी रडत होते." मग त्या जगदीशभाऊकडे वळल्या. "भाऊ, जरासाही आवाज निघणार नाही का?"

"त्या कॅमेऱ्यात आवाजाची सोयच नव्हती, ताई."

"मग अजून एकदा लाव."

त्या दिवशी नेपानगरच्या शैलाकाकू मुलीबरोबर संग्रहालय बघायला आल्या होत्या. काकूंना लहानपणापासून ऐकू येत नाही. समोरच्याचं बोलणं त्या ओठांवरून समजून घेतात. रीळ पुन्हा लागलं तेव्हा त्या उठून पडद्याजवळ गेल्या. आणखी एकदा लावायची खूण केली. मग वळून मुलीला हातांनी काहीतरी सांगितलं.

मुलगी जरा अडखळली. "ताई, आई म्हणते, ते विचारताहेत... 'जेवलीस का, विमल?'"

रीळ संपलं होतं. पडद्यावर नुसता पांढरा उजेड होता. विमलताई तिकडंच बघत होत्या.

"नाही, अण्णा," त्या म्हणाल्या. "नव्हते जेवले."