कादंबरीतला शेवट
करपलेल्या पॉपकॉर्नचा वास आला की मुलगी सर्वांना ऐकवते, बाबा दुबईत त्या चित्रपटाला झोपले होते. हे साफ खोटे आहे. तो चित्रपट ज्या कादंबरीवरून काढला होता, ती भविष्यातल्या जुलमी राजवटीवरची कादंबरी मी वाचली होती. पडद्यावर तिची नुसती मारधाड झालेली बघवेना, म्हणून डोळे मिटले होते. दुसऱ्या दिवशी पत्नी आणि मुलगी कायमच्या पुण्याला निघणार होत्या आणि मी एकटा मागे राहणार होतो. चित्रपटाच्या शेवटी नायक घरी परतला. अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटवर येताना मुलीने विचारले, “बाबा, बुकमध्येपण ही कम्स बॅक, ना?” कादंबरीत तो परतत नाही. “हो,” मी म्हणालो. पुढे तिने कादंबरी वाचली आणि तेव्हापासूनच ती माझ्या झोपेची गोष्ट सांगू लागली. मी अजूनही भांडायला उठतो, पण हल्ली अर्ध्यावरच थांबतो; जागा होतो म्हटले, तर तो ‘हो’ जाणूनबुजून म्हटलेला ठरतो.