ऑनर्स सुरू झालं, शिकवणारं कोण?

मंडळी, आज दुपारी बातमीसाठी शहाद्याच्या एका कॉलेजात गेलो होतो. तिथे पदवीचं चौथं, ऑनर्सचं वर्ष सुरू झालंय. प्राचार्य म्हणाले, "वर्ग मंजूर आहे, शिक्षकाचं पद नाही." त्यामुळे तासिकेवर तात्पुरते नेमलेले एक सर शिकवतात.

कळसाडीची एक मुलगी कापसाच्या रोगावर प्रकल्प करतेय. तिने सरांना विचारलं, "सर, मार्चमा तुम्हनी नेमणूक सरी जाई. मंग मन्हा प्रकल्प कोन दखी?"

"तू लिखत ऱ्हाय. प्रकाशा गावले मन्हं घर शे, तठे ये."

"पन तुम्हनी सही चाली का?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. ती माझ्याकडे वळली, "काका, हाईच छापा ना!"

ऑफिसने मथळा आधीच ठरवलाय: 'शहाद्यात ऑनर्स सुरू'. तो खोटा नाही, तरी बातमी पाठवायला मन होत नाही. तुम्ही पाठवली असती?