अकरा ठिपक्यांची बाटली

लस बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे अळीवहिनी म्हणत. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नवरा पोट धरधरून हसला होता. पण नाव काही खोटं नव्हतं. एका पतंगाच्या अळीपासून काढलेल्या पेशी ती बावीस वर्षं बाटल्यांमध्ये वाढवत होती. त्यांना ऊब लागायची सत्तावीस अंश. त्यात जरा फरक पडला, की हिचा जीव टांगणीला. सासूबाई म्हणायच्या, "पोटच्या पोरींचे एवढे लाड केले नाहीस गं!" आणि ते अगदी खरं होतं.

एवढ्या लाडाने वाढवलेल्या पेशींना मग मुद्दाम रोग लावायचा, हेही तिचंच काम. अळ्यांना मारणारा एक विषाणू असतो. माणसात तो वाढत नाही. त्यात शास्त्रज्ञ मॅडमनी बाहेरचं एक जनुक बसवलं होतं. त्याच्यामुळे पेशी मरता मरता लसीला लागणारं प्रथिन बनवून जायच्या. पण लागोपाठ दोन खेपा वाया गेल्या. पेशी फुगल्या, मेल्या आणि प्रथिन मात्र नावाला. मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं, "तिसरी खेप फसली, तर हा विभाग बंद." म्हणजे वहिनीची रवानगी काचसामान धुण्याच्या खोलीत.

मॅडम म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या पेशी म्हाताऱ्या झाल्यात."

हे तिला भलतंच झोंबलं. तिने पेशी तपासल्या. एकही दोष सापडेना. मग शीतपेटीतली विषाणूची बाटली काढली. आधीच्या विषाणूपासून नवा वाढवला, की झाकणावर एक ठिपका जास्त द्यायचा, ही तिची स्वतःची पद्धत. तिने ठिपके मोजले. अकरा! ती तडक मॅडमच्या टेबलापाशी गेली.

"मॅडम, पेशी ठणठणीत आहेत. विषाणूच लबाड निघालाय. आपण दिलेलं जनुक म्हणजे त्याला ओझं. ते टाकून देणारे भराभर वाढतात. अकरा पिढ्यांमध्ये तेच माजलेत."

"कशावरून?"

"दुसऱ्या पिढीच्या कुप्या मी गोठवून ठेवल्यात. दोन्ही विषाणू शेजारी शेजारी लावून बघू. मी चुकले, तर उद्यापासून काच धुते."

मॅडमचा चेहरा उतरला. वेळ वाचवायला विषाणू बाटलीतून बाटलीत वाढवत जायचा हुकूम त्यांचाच होता. त्या म्हणाल्या, "लावा."

चौथ्या दिवशी दोन्हींचं प्रथिन तपासलं. या तपासणीत प्रथिन जितकं जास्त, तितका त्याचा निळा पट्टा जाड उमटतो. अकराव्या पिढीचा निळा पट्टा डोळे ताणूनही दिसेना. दुसऱ्या पिढीचा मात्र चांगला जाडजूड, ठसठशीत. मॅडमनी वहिनीला अशी काही मिठी मारली, की चष्मा टेबलाखाली गेला. त्याच कुपीच्या विषाणूवर तिसरी खेप लागली आणि सगळ्या तपासण्यांमधून बिनबोभाट पार पडली.

साहेबांनी विचारलं, "हे कुणी शोधलं?"

"वहिनींनी," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी होती."

बावीस वर्षांत तिच्याबद्दल साहेबांसमोर कुणी काही बोललं नव्हतं. वहिनीचा ऊर भरून आला. आनंद तिच्या अंगात मावेना.

"मग पुढची खेप सोमवारी लावायची का?" साहेबांनी या वेळी थेट तिलाच विचारलं.

"सोमवार कशाला?" वहिनी हातमोजे चढवत म्हणाली. "आत्ता लावते की!"