पांढरी वडी

भामाबाईच्या हाताचं सारवण पाली गावापासून वरच्या वस्त्यांपर्यंत नावाजलेलं होतं. कुणाच्या घरी लग्न निघालं की बायका तिला आधी सांगून ठेवायच्या. शेण किती, पाणी किती, हात कुठून कुठं फिरवायचा, याचा तिला कधी विचार करावा लागला नाही. भिंतीवर चुना मारायचा तर तो सगळ्यात शेवटी, बाकीचं सारं वाळल्यावर.

राजगडाच्या पायथ्याला पाली आहे, आणि पालीच्या वर तासभर चढून गेलं की सहा घरांची धनगरवस्ती लागते. तिथं ती लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती. आता पंचावन्नच्या आसपास असेल, नक्की तिलाही ठाऊक नाही. घरात चार म्हशी, वीस-बावीस शेरडं आणि नवरा चिमाजी. मुलगा शिरवळला कारखान्यात. शाळेत ती कधी गेली नाही. शनिवार-रविवारी गडावर जाणारी पोरं वाट चुकून वस्तीवर आली तर ती त्यांना ताक द्यायची आणि योग्य वाटेला लावायची. एवढंच तिचं बाहेरच्या जगाशी येणं-जाणं.

एका भादव्यात तिच्याकडे सरोजबाई आल्या. भोर शहरातल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या. खाली पालीत एक खोली घेऊन त्या चार दिवस राहिल्या आणि रोज सकाळी वर येऊन भामाबाईच्या पडवीत चित्रं काढत बसल्या. भामाबाईनं असलं काम पहिल्यांदाच पाहिलं. बाई एका फळीवर जाड कागद ठेवायच्या आणि चारी कडांना चिकटपट्टी लावायच्या. पाण्याचे डबे दोन. एकात कुंचला धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी स्वच्छ राहू द्यायचं. मग कागदावर नुसतं पाणी फिरवायच्या आणि त्या ओल्यावर रंगाचं टोक टेकवायच्या. रंग आपोआप पसरायचा. त्यानंतर बाई बराच वेळ काहीच न करता बसायच्या.

"झालं का?" भामाबाईनं एकदा विचारलं.

"वाळायची वाट बघतेय," सरोजबाई म्हणाल्या. "वाळायच्या आधी हात लावला की चिखल होतो. माझा नेहमीच होतो."

चौथ्या दिवशी दुपारी धुकं उतरायला लागलं. खालून जीपवाल्याचे फोनवर फोन येत होते. बाईंनी भराभर सामान आवरलं, पाठीवर पिशवी टाकली, रेनकोट अंगात घालता घालता हातातली पत्र्याची रंगपेटी भामाबाईपुढे धरली आणि म्हणाल्या, "हे ठेवा." भामाबाईनं पेटी घेतली. सोबत तीन कुंचले आणि उरलेले आठ-दहा कागदही होते. बाई उतरून गेल्या.

भामाबाईनं पेटी फळीवर ठेवली. बाई परत येतील म्हणून महिनाभर तिला हात लावला नाही. दिवाळी आली, गेली. कुणी आलं नाही.

"तुलाच दिली असंल," चिमाजी म्हणाला.

"मला कशापायी दील? मला काय येतंया?"

"मंग ठेवा कशापायी म्हनल्या?"

थोडे दिवस गेले आणि एका दुपारी तिनं नुसतं बघण्यासाठी पेटी उघडली. आत बारा खण होते. दहा खणांत रंगाच्या छोट्या वड्या, आणि दोन खण रिकामे. तिनं एकेक रंग पाहिला. पिवळा होता, दोन तऱ्हेचे निळे होते, गेरूसारखा एक होता. पांढरा नव्हता आणि काळाही नव्हता. मुलगा शाळेत असताना त्याच्या रंगांच्या डबीत हे दोन्ही रंग असायचे, हे तिला पक्कं आठवत होतं.

दोन वड्या हरवल्या होत्या, आणि पेटी तर तिच्याच घरात होती. तिनं फळी काढून खालचं झाडून घेतलं, कणगीच्या मागं हात घालून पाहिला, चुलीजवळची राख चाळली. वड्या मिळाल्या नाहीत. दोन दिवस एक करडू चारा खात नव्हतं, तेव्हा तिला वाटलं की त्यानंच खाल्ल्या असतील. तिनं त्याची जीभ ओढून पाहिली. जीभ नेहमीसारखीच होती.

पेटी तशीच परत कशी द्यायची, आणि परत द्यायची आहे की नाही, हेही कळेना. याच गोंधळात तिनं कुंचला हातात घेतला. आधी नुसत्या पाण्यानं, मग रंगानं. बाई करायच्या तसं करायला गेली, पण तसं काही होईना. ओला असताना निळा रंग पावसाळी आभाळासारखा गडद दिसायचा, आणि वाळला की धुतलेल्या लुगड्यासारखा फिका पडायचा. मग ती वर आणखी रंग द्यायची, आणि खालचा निघून वर यायचा. पिवळा नि निळा मिसळला की हिरवा व्हायचा. त्यात लाल गेला की शेणाचा रंग व्हायचा, आणि त्यातून परत हिरवा काही काढता येईना. सारवणाच्या चिखलात पाणी ओतलं की तो पातळ होतो, सारखा करता येतो. इथं पाणी ओतलं की रंग भलतीकडंच पळायचा आणि कडेला जाऊन रेघ धरून बसायचा.

एके दिवशी तिनं कागद पुरता भिजवला, वरच्या बाजूला निळा आणि थोडा गेरू लावला, एवढ्यात म्हैस सुटली म्हणून ती उठून गेली. तासाभरानं परतली तर फळी एका बाजूला कलंडली होती. रंग वरून खाली उतरत उतरत विरून गेला होता. सकाळी डोंगराच्या सोंडेवरून धुकं खाली येतं, अगदी तसंच. मध्ये कुठं तरी एक कडा असावा असं वाटत होतं, पण तिनं कडा काढलेलाच नव्हता.

"ह्ये कुनी काढलं?" चिमाजीनं विचारलं.

"म्याच. न्हाई, म्या न्हाई. पान्यानं."

"मंग चांगलं हाय का वाईट?"

"ठावं न्हाई."

तो कागद तिनं जपून ठेवला. तसाच दुसरा करायला गेली तर तीन वेळा चिखल झाला.

पांढऱ्याचा प्रश्न राहिलाच होता. तिला शेरडं काढायची होती, आणि तिच्या कळपात निम्मी शेरडं पांढरी. वेल्ह्याला बाजाराला गेल्यावर तिनं दुकानात पांढरा रंग मागितला. दुकानदारानं एक बाटली दिली. घरी येऊन तिनं आधी सगळा माळ हिरवा केला, वाळू दिला, आणि वर पांढऱ्यानं शेरडं काढली. ती पिठात लोळल्यासारखी दिसायला लागली. आजूबाजूचा हिरवाही त्यांच्यात उतरला. चुना भिंतीवर असा वागत नाही. बाटली तिनं उंबऱ्याबाहेर ठेवून दिली.

दुसऱ्या वर्षी वैशाखात मुलाचं लग्न झालं आणि अश्विनी सून म्हणून घरात आली. ती बारावी झालेली. शिरवळला खोली मिळेपर्यंत काही महिने वस्तीवरच राहणार होती. एकदा पेटी पुसता पुसता तिनं झाकणाच्या आतली पट्टी वाचली.

"आत्या, हितं नाव लिवलंय. सरोज केशव गोडबोले. मोबाईल नंबर हाय. सापडल्यास कळवावे, आसं लिवलंय."

भामाबाई खालीच बसली. "म्हंजी हरवल्याली हाय म्हन की."

"तुमी तर म्हनला त्यांनी दिली."

"त्या ठेवा म्हनल्या."

"ठेवा म्हंजी घ्या, का ठेवा म्हंजी सांभाळा?"

तिघंही या शब्दापाशी अडकले. चिमाजी आता सांभाळा म्हणू लागला होता, आणि आपण आधी दुसरं म्हणालो होतो हे त्याला आठवत नव्हतं. भामाबाई सारखी ती दुपार डोळ्यांपुढं आणून बाईंचा आवाज कसा होता ते आठवायला जायची. जितकं आठवायला जावं तितका आवाज बदलत जायचा. पेटीतल्या निम्म्या वड्या एव्हाना झिजल्या होत्या. फोन लावून काय सांगायचं ते तिला सुचेना. शेवटी अश्विनीनं झाकणावरचा नंबर फिरवला, एक बाई उद्या भेटायला येतील एवढंच सांगितलं आणि पत्ता विचारून घेतला.

भामाबाईनं पेटी आणि कुंचले फडक्यात बांधले, कागदांची गुंडाळी घेतली, बरोबर तुपाचा डबा घेतला आणि अश्विनीला घेऊन निघाली. नसरापूरला एसटी बदलून भोरला पोचायला दुपार झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या घराचं दार सरोजबाईंच्या नवऱ्यानं, केशवरावांनी उघडलं. फडकं सुटलं तशी त्यांची नजर पेटीवर गेली.

"अगं सरोज, बाहेर ये," ते म्हणाले. "ही तीच ना? वर्षभर माझ्यावर आळ आहे. रद्दीत घातली म्हणून."

सरोजबाई बाहेर आल्या. पेटी हातात घेऊन त्यांनी ती उलटी-सुलटी पाहिली. "तुमच्याकडे कशी गेली?"

"तुमीच दिली, बाई. ठेवा म्हनला."

"मी म्हणाले?" त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. "मी रेनकोट घालत होते ना तेव्हा? मग दोन मिनिटं धरायला दिली असेन. जरा ठेवा, एवढंच. आणि तशीच निघून गेले असेन." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "किंवा कंटाळून देऊनही टाकली असेन. त्या चार दिवसांत माझं एक चित्र धड झालं नव्हतं. मला खरंच आठवत नाही हो."

भामाबाईनं मनातलं सांगून टाकलं. "बाई, दोन वड्या हरवल्या. पांडरी आन काळी. म्या सगळं घर हुडकलं. करडानं खाल्ल्या आसतील तर म्हाईत न्हाई."

सरोजबाईंना आधी काही समजेना. अश्विनीनं ते रिकामे खण दाखवले तेव्हा त्या हसल्या नाहीत, उलट त्यांचा चेहरा पडला. "अहो, त्या मीच काढून टाकल्या होत्या. आम्हाला शिकवणारे सर म्हणायचे, जलरंगात पांढरा लागत नाही, काळा आपण बनवायचा. तुम्ही वर्षभर हे शोधत होता?"

"मंग पांडरं कुटनं आनायचं?"

"कागद पांढराच असतो. जिथं पांढरं हवं, तिथं रंग लावायचाच नाही. ती जागा पहिल्यापासून सोडून ठेवायची."

भामाबाईला हे पटेना. सारवताना बोटभर जागा सुटली तरी बायका नावं ठेवतात. सगळ्यात शेवटी द्यायचा रंग सगळ्यात आधी ठरवायचा, आणि तोही न लावून, हे उलटंच होतं. "म्हंजी शेरडू काढायचं आसंल तर शेरडू सोडून बाकीचं काढायचं?"

"हो."

"आन शेरडू?"

"ते राहतं आपोआप." एवढं बोलून सरोजबाईही जरा गोंधळल्या. "माझ्याकडून राहत नाही ते. पण सर तसं म्हणायचे."

मग कागद उलगडले. चिखल झालेले बरेच होते, पिठातली शेरडं होती. धुक्याचा कागद निघाला तेव्हा सरोजबाई तो घेऊन खिडकीपाशी गेल्या. "हे कसं केलंत?"

"म्हैस सुटली व्हती."

त्यांनी तीनदा विचारलं आणि भामाबाईनं तीनदा तेच सांगितलं. तेवढ्यात सरोजबाईंना फडक्यातला जाडा कुंचला दिसला. भामाबाई तो पाण्यातच उभा करून ठेवायची, त्यामुळं केसांचं टोक एका बाजूला वाकून बसलं होतं. सरोजबाईंनी तो हातात घेतला आणि वाकलेलं टोक बोटांनी सरळ करून पाहिलं. पेटी आणि तो कुंचला त्यांच्या थोरल्या भावानं आणून दिलेला होता, आणि तो भाऊ आता नव्हता. भामाबाईला एवढं कळलं की आपण काही तरी मोडलंय. तिनं मान खाली घातली.

"आडवा ठेवायचा असतो," सरोजबाई अखेर म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. मीही नाही सांगितलं."

केशवरावांनी चहा केला. जेवणाच्या टेबलावर सरोजबाईंनी नवी पेटी उघडली. तिच्यात चोवीस रंग होते, आणि त्यांतले निम्मे कशाला असतात हे आपल्यालाच कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी कागद कसा भिजवायचा, जास्तीचं पाणी फडक्यानं कसं टिपायचं, फिका रंग आधी आणि गडद मागून का, हे दाखवलं. भामाबाई मान हलवत होती. त्यातलं थोडं तिला कळलं. थोडं कळल्यासारखं वाटलं आणि जिना उतरेपर्यंत निसटून गेलं.

भावाची पेटी सरोजबाईंनी ठेवून घेतली. भामाबाईला त्याचं वाईट वाटलं, आणि हायसंही वाटलं, आणि यातलं खरं काय ते तिला एसटीत बसल्यावरही ठरवता आलं नाही. तुपाचा डबा मात्र त्यांनी घेतला, म्हणजे राग नसावा, असं अश्विनी म्हणाली.

कार्तिकात सरोजबाई स्वतःच वस्तीवर आल्या. येताना एका लहान डबीत आठच वड्या आणि एक नवा कुंचला घेऊन आल्या, आणि या वेळी ही डबी भामाबाईसाठीच आहे असं त्यांनी चिमाजीच्या आणि अश्विनीच्या समोर स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून जमेल तसं त्यांचं येणं चालू आहे. पाण्यानं कागद अजूनही फुगतो. भामाबाई शेरडांच्या जागा आधी सोडते, आणि रंग भरून झाल्यावर त्यांतलं शेरडू कुठलं नि दगड कुठला हे चिमाजीला विचारते. धुक्यासारखं धुकं तिला पुन्हा जमलेलं नाही. म्हैस मुद्दाम सोडूनही पाहिली.

मागच्या खेपेला दोघी गोठ्यापुढं बसून एकाच म्हशीचं चित्र काढत होत्या. तिच्या पोटाखालची सावली सरोजबाईंना निळी दिसत होती.

"निळी कुटं हाय, बाई? जांभळी हाय."

"नीट बघा. निळीच आहे."

दोघींनी आपापला रंग कालवला आणि एकमेकींच्या कागदाकडं वाकून पाहिलं. तेवढ्यात म्हैस उठली आणि पाण्याकडं निघून गेली.