माप घेण्याआधी

कोऱ्या मांजरपाटाला खळीचा एक खरबरीत, उग्र वास असतो. नव्वदच्या आसपास अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांत मी शिवणवर्ग चालवत असे, तेव्हा तो वास माझ्या साड्यांना, अंथरुणाला, फार काय, वरणभातालाही लागलेला असे. आणि मला तो अत्तराहून प्रिय होता! त्या वासात मुली मोकळ्या होत. एकमेकींचं माप घेताना कुणाला गुदगुल्या होत, कुणाची कंबर वाढलेली निघे, आणि शिकणं बाजूला राहून नुसता हशा पिके.

वैशाली आली आणि तो हशा थांबला. एकोणीस वर्षांची पोर. कॉलेजातल्याच, रोजच्या ओळखीच्या दोन मुलांनी तिच्यावर अत्याचार केला होता. पोलिसांत तक्रार झाली, तरी लोक प्रश्न विचारत होते ते तिलाच! तिनं कॉलेज सोडलं होतं. "दिवसभर भिंतीकडे बघत बसते हो, काकू," म्हणून तिच्या आईनं तिला माझ्याकडे आणून बसवलं.

मी स्वतःला फार शहाणी समजत होते. पहिल्याच दिवशी शेजारी बसलेल्या मुलीनं टेप लावताच ती थिजली, तेव्हा मी तिला कोपऱ्यातलं मशीन दिलं, मापासाठी घरून जुना ब्लाऊज आणवला आणि मुलींना दटावलं की हिच्याजवळ कुणी फिरकायचं नाही. ही का माया? आज कळतं, मी तिला वाळीतच टाकलं होतं. जुन्या मापानं शिवलेला तिचा नवा ब्लाऊज अंगावर नुसता लोंबत होता; मुलगी निम्मी झाली होती.

तो पाहून कविता उठली. ही उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधली सिंधी मुलगी. तिच्या मराठीला हिंदीचा शेजार सुटत नसे. टेप घेऊन ती दोन हात लांब उभी राहिली. "वैशाली, माप लेऊँ क्या? तू हो बोलशील तरच."

वैशालीनं टेपकडे पाहिलं. मग म्हणाली, "नको."

"ठीक है," म्हणून कविता जागेवर जाऊन बसली आणि तिचं मशीन सुरू झालं.

एवढंच! पण वैशालीचा चेहरा मी पाहिला. तिचं 'नको' कुणीतरी ऐकलं होतं, मानलं होतं. पुढे आठवडाभर कवितानं विषय काढला नाही. मग एका दुपारी वैशालीच म्हणाली, "कविता, घे आज. फक्त खांदा." त्यानंतर वर्गात 'घेऊ का?' असं विचारल्यावाचून कुणी कुणाला टेप लावेना. मी हे शिकवलं नव्हतं.

दिवाळीनंतर एक दिवस वैशाली दारात उभी राहिली. "काकू, सोमवारपासून कॉलेजला जातेय. कविता स्टेशनवर थांबणारे." माझे डोळे भरून आले. मी दोन्ही हात पसरून पुढे झाले, तशी ती अर्धं पाऊल मागे सरली.

"काकू, आधी विचारा."

मी विचारलं.

"नको," ती म्हणाली, आणि हसली. मी हात खाली घेतले. एखादं पोर नको म्हणाल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.